एकजिनसी वस्तू आणि द्रव्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिच्यात कुठेच काही वेगळं नाही, अशा वस्तूबद्दल बोलण्यासारखं फारसं नसेल असं वाटतं. पण भाग म्हणजे काय, वस्तू एक की अनेक, फिरणं म्हणजे काय, हे प्रश्न सर्वांत उघडेवाघडे समोर येतात ते अशाच वस्तूपाशी. या विषयावर पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

एकजिनसी वस्तू म्हणजे नेमकी कशी?

जिचा कुठलाही भाग उचलला तरी तो दुसऱ्या कुठल्याही भागासारखाच निघतो, ती. घनता तीच, तापमान तेच, रंग तोच, कठीणपणा तोच. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या शरीराचा विचार करताना हा फरक नेमका पकडला होता. मांसाचा तुकडा मांसच असतो, हाडाचा तुकडा हाडच; पण हाताचा तुकडा म्हणजे हात नव्हे आणि चेहऱ्याचा तुकडा म्हणजे चेहरा नव्हे. धातू, पाणी, रक्त ही त्याच्या मते पहिल्या गटातली.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवून घेऊ. सगळीकडे सारखं असणं वेगळं आणि सलग असणं वेगळं. स्फटिकात एकच नमुना पुन्हा पुन्हा येतो, म्हणून तो सगळीकडे सारखा वाटतो; पण त्या नमुन्याच्या आत डोकावलं तर अणू आहे, मग मोकळी जागा आहे, मग पुन्हा अणू आहे. कितीही बारीक पाहिलं तरी तसंच दिसतं, मध्ये कुठेही खंड नाही, असं द्रव्य म्हणजे सलग द्रव्य. तत्त्वज्ञ ‘संपूर्ण एकजिनसी’ म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा या दोन्ही अटी हव्या असतात.

अशी वस्तू जगात आहे का?

नेहमीच्या पदार्थांत नाही. अणूची लांबी-रुंदी मीटरच्या साधारण एक हजार कोटीव्या भागाएवढी. त्याचं 99.9 टक्क्यांहून अधिक वस्तुमान ज्या केंद्रकात असतं, ते अणूच्या दहा हजारपटींहूनही लहान. रदरफर्ड यांनी 1911 साली केंद्रक दाखवून दिलं, तेव्हापासून कुठल्याही धातूच्या गोळ्याला आतून सारखा म्हणणं कठीण झालं. आपल्याला तो सारखा दिसतो, कारण आपली नजर आणि बोट एकाच वेळी अब्जावधी अणूंची सरासरी घेत असतात.

माणसाने केलेली सर्वांत एकजिनसी घन वस्तू कोणती, असं विचारलं तर माझं मत सिलिकॉनच्या त्या गोळ्यांना. किलोग्रॅमची नवी व्याख्या ठरवण्याच्या कामात ते बनवले गेले. व्यास सुमारे 94 मिलिमीटर, वस्तुमान एक किलोग्रॅम, आणि संपूर्ण गोळा म्हणजे एकच अखंड स्फटिक. निसर्गात मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये तीन समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) मिसळलेली असतात. ती वेगळी करून जवळपास निव्वळ सिलिकॉन-28 वापरलं गेलं. एवढा खटाटोप केला तो गोळ्यातले अणू मोजता यावेत म्हणून. जिथे प्रत्येक ठिकाण दुसऱ्यासारखं आहे, तिथे थोडासा भाग मोजून सगळ्याचा हिशेब मांडता येतो. 20 मे 2019 पासून किलोग्रॅम एका धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेला नाही, त्यामागे या गोळ्यांचाही वाटा आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे ती उपयोगी पडेल. ‘रासायनिकदृष्ट्या शुद्ध’ म्हणजे एकजिनसी नव्हे. शुद्ध लोखंडातही चार स्थिर समस्थानिकं मिसळलेली असतात. या बाबतीत सोनं सरस: त्याचं स्थिर समस्थानिक एकच, सोनं-197.

मग जी वस्तू नाही, तिचा विचार कशाला?

कारण रोजच्या वस्तूंना खुणा असतात आणि त्या खुणांवर आपण सगळं भागवतो. हा तुकडा तो नव्हे, कारण याला ओरखडा आहे. चाक फिरतंय, कारण त्यावरचा ठिपका फिरतोय. ओरखडा आणि ठिपका दोन्ही काढून घेतले की कळतं, आपण वस्तू ओळखत होतो की नुसत्या खुणा.

सलग द्रव्य कापत गेलो तर शेवट कुठे होतो?

या प्रश्नावर जेवढं डोकं चाललं आहे तेवढं थोड्याच प्रश्नांवर चाललं असेल. मुख्य उत्तरं दोनच: कुठेतरी थांबतो, किंवा कधीच थांबत नाही.

थांबतो म्हणणाऱ्यांत ग्रीसमधला डेमोक्रिटस आहे आणि आपल्याकडचे वैशेषिक, म्हणजे त्या नावाच्या प्राचीन दर्शनाचे विचारवंत, आहेत. वैशेषिकांची रचना फार रेखीव. दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसतो तो कण म्हणजे हा त्रसरेणू. परमाणूपाशी थांबलंच पाहिजे, यासाठी त्यांच्या परंपरेतला युक्तिवाद असा: विभागणी जर कुठेच थांबत नसेल, तर मेरू पर्वताचेही अनंत भाग आणि मोहरीचेही अनंत भाग. दोघांचे भाग सारखेच. मग मेरू मोठा आणि मोहरी लहान कशामुळे?

हा आक्षेप मला अतिशय आवडतो, कारण त्यातला अर्धा भाग बरोबर आहे आणि ते सिद्ध व्हायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. जॉर्ज कँटर यांनी दाखवून दिलं की लहान रेषाखंडावर जेवढे बिंदू तेवढेच मोठ्यावरही असतात; एकेकाची जोडी लावता येते, कुणी उरत नाही. म्हणजे मेरू आणि मोहरी दोन्ही सलग असतील तर त्यांच्यातल्या बिंदूंची संख्या खरोखरच सारखी. चूक आहे ती पुढच्या पायरीत. आकारमान हे भागांच्या संख्येवरून ठरत नाही. ते वेगळं मोजावं लागतं, आणि त्यासाठी गणितात मापनाचा स्वतंत्र सिद्धांत उभा राहिला.

थांबत नाही म्हणणाऱ्यांचा सर्वांत टोकदार वार परमाणूवर आहे. वसुबंधू या बौद्ध आचार्यांनी विचारलं: एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू एकदम येऊन भिडले, तर त्याला सहा बाजू आहेत, म्हणजे सहा भाग आहेत, मग तो अविभाज्य कसला? आणि सहाही जण एकाच जागी मावत असतील, तर त्यांचा पुंजका एका परमाणूएवढाच राहील, काही मोठं बनणारच नाही. बाजू आहे पण भाग नाही, असं म्हणता येईल का, यावर आजही वाद चालतो. काही समकालीन तत्त्वज्ञ म्हणतात की येईल: वस्तू जागा व्यापते, तरी तिला स्वतःचे भाग नसतात. एकजिनसी गोळा हा त्यांच्या दृष्टीने एकच मोठा अविभाज्य नग. कापल्यावर दोन होतील, पण कापण्याआधी ते दोन त्यात नव्हते.

उलट बाजूचे म्हणतात, प्रत्येक भागाला भाग आहेत, खाली तळ असा नाहीच. डेव्हिड लुईस यांच्या लेखनानंतर अशा अतळ द्रव्याची चर्चा पुष्कळ वाढली. त्याची कल्पना करण्यात तर्काची काही अडचण येत नाही, आणि ज्यांना जग छोट्या कणांवर रचलेलं हवं आहे त्यांच्यासाठी हीच मोठी डोकेदुखी आहे.

सलग वस्तू म्हणजे बिंदूंचा ढीग, असं म्हणून सोडून देता येत नाही का?

तसं म्हटलं तर त्याची फार मोठी किंमत मोजावी लागते. 1924 मध्ये बानाख आणि टार्स्की या दोन पोलिश गणितज्ञांनी सिद्ध केलं की भरीव गोलाची, बिंदूंचा समूह म्हणून पाहिल्यास, मोजक्या तुकड्यांत अशी विभागणी करता येते की तेच तुकडे नुसते फिरवून आणि सरकवून मूळ गोलाएवढेच दोन गोल जुळतात. पाच तुकडे पुरतात. ताणणं नाही, फुगवणं नाही. तुकडे इतके विचित्र असतात की त्यांना घनफळच देता येत नाही. गणित म्हणून यात काही खोट नाही. निवडीचं गृहीतक (कितीही समूह असले तरी प्रत्येकातून एकेक घटक निवडता येतो, हे) मान्य केलं की ते येतंच. मात्र एका सोन्याच्या गोळ्याचे दोन कुणी करू शकत नाही. मी यावरून असं समजतो की द्रव्याचे खरे भाग आणि गणिताने निवडलेले बिंदूंचे समूह यांना एकच मानण्याचा आपल्याला काही हक्क नाही. ज्याला घनफळ आहे तोच भाग.

दोन वस्तू अगदी हुबेहूब असतील, तर त्या दोन कशामुळे?

लाइबनिझचं उत्तर: अशा दोन वस्तू असूच शकत नाहीत. सगळे गुण जुळले तर ती एकच वस्तू. 1716 मध्ये क्लार्क यांना लिहिलेल्या पत्रात त्याने एक प्रसंग सांगितला आहे. राजघराण्याच्या बागेत एका गृहस्थाला वाटलं की दोन अगदी सारखी पानं सहज सापडतील; तो बराच वेळ शोधत राहिला, पण त्याला ती मिळाली नाहीत. पाण्याचे किंवा दुधाचे दोन थेंबही सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसतील, असं तो पुढे म्हणतो.

यावरचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिवाद मॅक्स ब्लॅक यांनी 1952 साली संवादाच्या रूपात मांडला. विश्वात फक्त दोन गोळे आहेत असं समजा. शुद्ध लोखंडाचे, सारख्याच आकाराचे, सारख्याच तापमानाचे. दुसरं काही म्हणजे काहीही नाही. एकाबद्दल जे खरं ते दुसऱ्याबद्दलही खरं: ‘स्वतःसारख्याच एका गोळ्यापासून अमुक अंतरावर’ हे दोघांनाही लागू. ‘डावीकडचा’ म्हणता येत नाही, कारण डावं-उजवं ठरवणारा तिथे कुणी नाही. तरी ते दोन आहेत! (लोखंडातल्या समस्थानिकांची गोष्ट इथे आठवावी, हा प्रयोग सोन्याच्या गोळ्यांवर केला असता तर आणखी घट्ट बसला असता.)

वैशेषिकांना हा पेच आधीच दिसला होता. पृथ्वीचे दोन परमाणू गुणांनी सारखेच, आणि त्यांना भागही नाहीत. मग ते वेगळे कशाने? त्यांनी त्यासाठी ‘विशेष’ नावाचा स्वतंत्र पदार्थच (म्हणजे अस्तित्वाचा एक मूलभूत प्रकारच) मानला. प्रत्येक परमाणूत एक विशेष, आणि त्याचं काम एवढंच की हा परमाणू तो नव्हे हे ठरवणं. तो विशेष दुसऱ्या विशेषापासून कशाने वेगळा? स्वतःच. युरोपात डन्स स्कोटस याने तेराव्या-चौदाव्या शतकात जवळपास याच गरजेपोटी प्रत्येक वस्तूचं ‘हेपण’ मानलं. टीकाकार म्हणतात, हे प्रश्नालाच उत्तराचं नाव देणं झालं. मला तो आरोप थोडा अन्यायाचा वाटतो. कुठेतरी एखादी गोष्ट आपणहून वेगळी असावीच लागते. ती गोळ्यातच मानायची, गोळ्याच्या जागेत मानायची की त्याच्या विशेषात, एवढाच पर्याय आपल्या हाती असतो.

पण सगळे इलेक्ट्रॉन सारखेच असतात ना?

असतात, आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ कल्पनेतल्या गोळ्यांचा राहिला नाही. दोन इलेक्ट्रॉनांचं वस्तुमान आणि विद्युतभार यांत तिळमात्र फरक नाही.

एकोणिसाव्या शतकात गिब्ज यांनी एक विसंगती टिपली. डब्याच्या मधल्या पडद्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे वायू आहेत. पडदा काढला की ते मिसळतात आणि एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) ठरावीक प्रमाणात वाढते. दोन्हीकडे एकच वायू असेल, तर पडदा काढल्याने काहीच वाढत नाही. गंमत अशी की दोन वायूंमधला फरक कितीही किरकोळ असो, वाढ पूर्ण होते; फरक शून्य झाला की वाढही एकदम शून्य. ‘जवळजवळ सारखे’ आणि ‘सारखे’ यांच्यात निसर्ग एवढी कडक रेघ ओढतो.

1924 मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांची मोजणी नव्या रीतीने केली. दोन नाणी उडवली तर छाप-काटा आणि काटा-छाप या दोन वेगळ्या शक्यता आपण धरतो. बोस यांच्या मोजणीत त्या दोन वेगळ्या राहत नाहीत, त्यांची एकच होते. ही मोजणी प्रयोगांशी जुळते. 1995 मध्ये रुबिडियमच्या अतिथंड अणूंचं बोस-आइन्स्टाइन संघनित (ज्यात असंख्य अणू एकाच क्वांटम अवस्थेत येतात) प्रत्यक्ष तयार झालं. याचा अर्थ मला असा लागतो: ‘किती आहेत’ याला उत्तर आहे, पण ‘हा कोणता’ याला नाही. आपण आजवर धरून चाललो होतो की मोजता येतं म्हणजे एकेकाला नाव ठेवता येतं. ते खरं नाही. वैशेषिकांच्या विशेषाला इथे खरा धक्का बसतो, कारण प्रत्येक कणात असा विशेष असता तर छाप-काटा आणि काटा-छाप वेगळे मोजले गेले असते, अशीच आपली सहज अपेक्षा असते.

एकजिनसी चकती फिरते आहे की स्थिर आहे, हे कशावरून ठरतं?

सॉल क्रिपके यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस व्याख्यानांत हा प्रश्न ऐरणीवर आणला, आणि डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनीही त्याच सुमारास तसाच युक्तिवाद केला. संपूर्ण एकजिनसी, संपूर्ण गोल चकती घ्या. क्षणाक्षणाला तिचं चित्र काढा. ती स्थिर असो वा गरागरा फिरत असो, सगळी चित्रं अगदी सारखी येतील. प्रत्येक क्षणी प्रत्येक ठिकाणी तेच द्रव्य, तेवढंच. मग फरक कुठे राहतो?

हा वार आहे तो एका विशिष्ट मतावर. त्या मतानुसार वस्तू म्हणजे तिच्या क्षणोक्षणीच्या अवस्थांची मालिका, आणि कुठल्या क्षणी कुठे काय गुण आहे एवढं सांगितलं की जगाबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. चकती म्हणते: उरतं. या कडेचा तुकडा पुढच्या क्षणी त्या कडेला गेला की इथेच थांबला, हे त्या वर्णनात येत नाही.

लगेच सुचतं ते उत्तर असं: बोट लावून पाहा. फिरत असेल तर बोट ओढलं जाईल. शिवाय फिरणारी चकती कडेकडे ताणली जाते. न्यूटनने 1687 साली फिरत्या बादलीतल्या पाण्याचा पृष्ठभाग खोलगट होतो हे दाखवून असाच मुद्दा केला होता. हे खरंच आहे, पण याने कळतं ते एवढंच की फिरणं ओळखायचं कसं. बोट ओढलं जातं, कारण चकती फिरते आहे. तिचं फिरणं मात्र बोट ओढण्यात नसतं. म्हणून काही जण म्हणतात की वेग हा प्रत्येक क्षणी वस्तूपाशी असणारा स्वतंत्र गुण आहे. ‘आधी इथे, मग तिथे’ यातून तो तयार होत नाही, उलट त्याच्यामुळे वस्तू इथून तिथे जाते. मी या बाजूकडे झुकतो.

मात्र क्वांटम भौतिकीचं उत्तर याहून धाडसी आहे, आणि तत्त्वज्ञानाच्या चर्चेत ते फार कमी येतं. तिथे एखादी गोष्ट एखाद्या अक्षाभोवती पूर्णपणे सममित असेल, तर तिचं त्या अक्षाभोवती एकसंध फिरणं अशी वेगळी अवस्थाच नसते. हे मोजूनही दिसतं. लांबट आकाराच्या अणुकेंद्रकांच्या, उदाहरणार्थ अर्बियम-166च्या, ऊर्जापातळ्यांत फिरण्याची स्पष्ट शिडी सापडते. शिसं-208चं केंद्रक गोल. त्याच्याकडे तशी शिडी नाही. म्हणजे निसर्ग सांगतो की फिरायला काहीतरी खूण लागतेच, निदान लांबटपणाएवढी तरी. क्रिपके यांची चकती कल्पनेत फिरते, पण आपल्या जगात ती चकती जेवढी खरोखर एकजिनसी आणि गोल, तेवढं तिचं फिरणं अर्थहीन होत जातं. तत्त्वज्ञांनी हे उत्तर गंभीरपणे घ्यायला हवं.

अगदी एकसारखा दोरा दोन्हीकडून ओढला, तर तुटेल कुठे?

ॲरिस्टॉटलने पूर्वसूरींच्या मतांची छाननी करताना अशाच एका केसाचा उल्लेख केला आहे: सगळीकडे सारखा ताण असेल तर तो तुटणार नाही, कारण इथेच तुटावं याला काही कारण नाही. पृथ्वी मध्यभागी का टिकली, तर तिला कुठल्याच बाजूला जायचं कारण नाही, हे अनॅक्सिमँडरचं म्हणणं त्याच घराण्यातलं. 1894 मध्ये पिएर क्युरी यांनी हीच गोष्ट तत्त्वाच्या रूपात मांडली: कारणांत जी सममिती आहे ती परिणामांतही दिसली पाहिजे.

प्रत्यक्षात दोरे तुटतात, कारण त्यांत खोट असते. ए. ए. ग्रिफिथ यांनी 1920-21 मध्ये काचेवर काम करून दाखवलं की अणूंमधल्या बंधांवरून काच जेवढी मजबूत निघायला हवी, त्यापेक्षा ती फारच कमी ताणाला तडकते. काचेतल्या बारीक भेगांच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि भेग तिथून धावत सुटते. अगदी बारीक तंतू काढले तर मोठ्या भेगांना जागाच राहत नाही आणि काच कितीतरी पटींनी बळकट होते. पदार्थ जितका खऱ्या अर्थाने एकसारखा, तितका तो टिकतो. त्या जुन्या केसाच्या युक्तिवादातली एवढी गोष्ट प्रयोगशाळेतही खरी ठरली. तो केस कधीच तुटणार नाही, हे मात्र खरं नाही. ताण पुरेसा वाढला की सर्वांत लहानशी उष्णतेची थरथरही जागा निवडायला पुरते.

भांड्यातलं पाणी ही एक वस्तू की अनेक?

पाण्याला स्वतःची हद्द नसते, भांडं ती देतं. म्हणून ‘किती पाणी’ विचारलं तर उत्तर येतं मापात, आणि ‘किती गोळे’ विचारलं तर येतं संख्येत. मातीच्या गोळ्याची मूर्ती केली, मग मोडली, तरी माती तीच राहते, मूर्ती जाते. एकाच जागी, एकाच वेळी दोन गोष्टी होत्या का? न्याय-वैशेषिक यावर ठामपणे म्हणतात की अवयवी (भागांनी बनलेली पूर्ण वस्तू) हा अवयवांहून वेगळा आहे आणि त्यांच्यात समवायाने, म्हणजे न तुटणाऱ्या संबंधाने, राहतो. बौद्ध म्हणतात, अवयवांशिवाय वेगळं काही नाही, ‘एक वस्तू’ हा आपला व्यवहार आहे. एकजिनसी द्रव्यापुरतं मला बौद्धांचं म्हणणं अधिक पटतं. प्राण्याच्या शरीराबद्दल बोलायचं झालं तर मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही.

भौतिकशास्त्राने हा विषय संपवला नाही का?

नाही, त्याने तो हलवला. द्रव्य कणांचं आहे हे पेरां यांच्या प्रयोगांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्कं केलं आणि सलग द्रव्य मागे पडलं. पण आजच्या सिद्धांतात इलेक्ट्रॉन ही सर्वत्र पसरलेल्या एकाच क्षेत्राची उत्तेजित अवस्था मानली जाते. सगळे इलेक्ट्रॉन सारखे का, याचं त्यातून सरळ उत्तर मिळतं: ते सगळे एकाच क्षेत्राचे आहेत. कणांनी हाकललेला सलगपणा क्षेत्राच्या रूपाने परत आला. त्याच्याबरोबर वसुबंधूंचे, लाइबनिझचे आणि क्रिपके यांचे प्रश्नही परत येतात. फक्त आता ते गोळ्याऐवजी क्षेत्राला आणि अवकाशाच्या बिंदूंना विचारावे लागतात.

विश्व संपूर्ण एकजिनसी असतं तर?

या प्रश्नाला मोजून उत्तर देता येतं, म्हणून तो शेवटी ठेवला. विश्वाच्या बाल्यावस्थेतून आपल्यापर्यंत पोहोचणारं सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण आकाशात सगळीकडून जवळपास सारखंच येतं. त्याचं तापमान सुमारे 2.725 केल्विन, आणि आपल्या स्वतःच्या गतीमुळे येणारा फरक वजा केल्यावर उरणारे चढउतार लाखात एकाच्या आसपास. गुरुत्वाकर्षणाला धरायला तेवढाच फरक मिळाला. जिथे द्रव्य किंचित जास्त होतं तिथे ते आणखी ओढलं गेलं आणि त्यातून दीर्घिका झाल्या. तो फरक अगदी शून्य असता, तर क्युरींच्या तत्त्वानुसार कुठल्याही एका ठिकाणी गुरुत्वाकर्षणाने द्रव्य गोळा होण्याला कारणच उरलं नसतं.